घागर आणि चेहरा

मातीच्या भांड्याच्या भागांना मराठीत जी नावे आहेत ती जवळजवळ सगळी माणसाच्या अंगावरून घेतलेली आहेत. घागरीला तोंड असते, ओठ असतो, गळा असतो, खांदा असतो, पोट असते आणि बूड असते. संतकाव्य शिकवताना ‘घट’ हा शब्द आला की मी वर्गात हे सांगते. देहाला घट म्हणणे ही केवळ कवींची उपमा नव्हे, ती आपल्या रोजच्या बोलण्यातच मुरलेली आहे, हे मुलांना पटावे एवढाच हेतू. यावलसारख्या तालुक्याच्या गावी मुलांनी कुंभाराचा आवा पाहिलेला असतो, त्यामुळे पटतेही. या अवयवांच्या यादीत चेहरा नाही, ही गोष्ट मात्र माझ्या एका विद्यार्थ्याने निदर्शनास आणून दिली, आणि तीही वर्ग सुटल्यावर बारा वर्षांनी.

तो कुंभाराचा मुलगा. बी.ए.ला माझ्याकडे होता. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, आता एका शाळेत कलाशिक्षक आहे. त्याचे वडील अजून चाक चालवतात. हा चाकावर बसत नाही. घरच्याच मातीत तो माणसांची डोकी घडवतो आणि भाजतो. शहरात याला सिरॅमिक पोर्ट्रेट म्हणतात. (‘सिरॅमिक’ हा शब्द कुंभाराच्या मातीला असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे, हे त्याला सांगितले तेव्हा त्याने ते वडिलांना ऐकवले. वडील म्हणाले, म्हणजे आपणही तेच करतो की!) त्याच्याकडून मी माझ्या वडिलांचे डोके करवून घेतले, त्याची ही हकिकत आहे. वाटेत भास, नाणेघाट आणि इनामगाव येतील. भाषेच्या प्राध्यापकाला घरची गोष्टही सरळ सांगता येत नाही.

अण्णा २०१७च्या नोव्हेंबरात गेले. पुढच्या वैशाखात आखाजी आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की अक्षय्यतृतीया ही आमच्याकडे सोनेखरेदीची तिथी नाही, किंवा निदान आधी नव्हती. ती पितरांची आणि सासुरवाशिणींची. माहेरी आलेल्या पोरी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात आणि त्याच दिवशी घरात पितरांच्या नावाने घागर भरली जाते. कुंभाराकडून लाल मातीची नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर मातीचेच लहान भांडे ठेवायचे, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. सकाळी उंबरठ्याची पूजा होते. एकेका पूर्वजाचे नाव घ्यायचे आणि कुंकवाचे एकेक बोट उंबरठ्यावर ओढायचे. त्या वर्षी आईने सासऱ्यांचे, आजेसासऱ्यांचे नाव घेऊन बोटे ओढली आणि शेवटचे बोट ओढताना ती नाव न घेताच थांबली, कारण नवऱ्याचे नाव तिने आयुष्यात कधी घेतले नव्हते. ते मी घेतले. बोट तिचे, नाव माझे.

लाल, ओलसर, पोट सुटलेली ती घागर म्हणजे अण्णा, असे मानायला मला मुळीच अडचण आली नाही. त्यातले पाणी झिरपून बाहेर येत होते, घाम यावा तसे. पण ती घागर आजोबाही होती आणि पणजोबाही. आपल्याकडे पितरांना आकार आहे, पाणी आहे, अन्न आहे, नाव आहे. चेहरा ठेवायची पद्धत नाही. देवघरातल्या चांदीच्या टाकांकडे पाहा. कुळाच्या वीराचा टाक आणि शेजारच्या घरातल्या वीराचा टाक सोनाराने एकाच ठशावर उठवलेले असतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली ज्या गुलाबाईची गाणी म्हणतात ती गुलाबाई आणि तिचा गुलोजी बाजारात रांगेने मांडलेले असतात, साच्यातून काढलेले, एकसारख्या डोळ्यांचे. श्रावणातली कानबाई त्यातल्या त्यात चेहऱ्याच्या जवळ येते. नारळाला डोळे बसवायचे, नथ घालायची, दागिने चढवायचे, की बाई प्रकट झाली. ती कोणासारखी दिसते असे मात्र कोणी विचारत नाही.

या सगळ्यात कोणाला काही कमी वाटत नव्हते. प्रश्न २०१९ साली उभा राहिला. अण्णांनी ज्या माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवले तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा अर्धपुतळा बसवायचे ठरवले. वर्गणी जमली. पुतळा अर्थातच फायबरचा. आपल्या तालुक्यांच्या गावांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे पुतळे उभे राहिले त्यांच्याबद्दल एकदा कोणीतरी सविस्तर लिहायला हवे. सोनेरी किंवा तांबूस रंग, कोटाच्या त्याच सुरकुत्या, चष्म्याची तीच कड आणि दूरवर पाहणारी तीच नजर. संस्थापक, आमदार, सहकारमहर्षी आणि गणिताचे शिक्षक या सगळ्यांना कारागीर एकाच कुटुंबातले करून टाकतो. एक प्रकारे हा टाकाच्याच परंपरेचा पुढचा टप्पा आहे, फरक एवढाच की टाक सादृश्याचा दावा करत नाही. हे पुतळे करतात.

त्यांनी घरी फोटो मागितला. घरात अण्णांचे एकूण सात फोटो होते, सहा टोपी घातलेले आणि एक लग्नातला, मुंडावळ्यांआड. सगळे समोरून. आईने फोटो दिले, पण म्हणाली, “माणसाचा देव कशाले करता?” माजी विद्यार्थ्यांना हे नम्रतेचे बोलणे वाटले. मला तसे वाटले नाही.

शुक्रनीतीत असे सांगितले आहे की देवाची प्रतिमा ओबडधोबड झाली तरी ती कल्याणकारीच असते, आणि माणसाची कितीही सुंदर घडवली तरी तिने कल्याण होत नाही. आई शुक्रनीती वाचलेली नाही. ती चौथी शिकलेली आहे. पण हा विचार ग्रंथांतून लोकांत उतरला की लोकांतून ग्रंथांत गेला, हे ठरवणे कठीण आहे. आमच्याकडे व्यक्तिशिल्पे कमी आहेत याचे कारण कलावंतांचे अपुरेपण हे नसून ही भीती आहे, असे मला वाटते. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत त्यांत ‘सादृश्य’ आहेच. येत होते, पण केले नाही.

आणि जिथे केले तिथे काय उरले? आपल्याच महाराष्ट्रात, जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहनांनी घरातल्या माणसांच्या प्रतिमा भिंतीवर कोरवून घेतल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, त्याची राणी नागनिका, कुमार. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे कौटुंबिक दालन. आज तिथे गेलात तर वर ब्राह्मी लिपीत एकेकाचे नाव दिसते आणि खाली पायांच्या खुणा. मधले सगळे शरीर झिजून, फुटून गेलेले आहे. आखाजीच्या उंबरठ्यावर जे असते तेच तिथेही उरले आहे, नाव आणि एक खूण.

भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकाची मला आठवण होणे अपरिहार्य होते. टी. गणपतिशास्त्रींनी केरळात शोधून १९१२पासून प्रसिद्ध केलेल्या तेरा नाटकांपैकी हे एक. आजोळहून परतणारा भरत अयोध्येच्या वेशीवर एका प्रतिमागृहात थांबतो. वडील गेल्याचे त्याला कोणी सांगितलेले नाही. आत पूर्वजांचे पुतळे आहेत. देवकुलिक एकेक ओळख करून देतो: दिलीप, रघू, अज. चौथा पुतळा समोर आहे. भरत धास्तावतो आणि विचारतो की जिवंत माणसांच्याही प्रतिमा इथे ठेवतात का. उत्तर येते, नाही, फक्त दिवंगतांच्या. संस्कृतच्या आमच्या सरांनी हा प्रसंग शिकवला तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला होता. पण आता परत वाचताना जाणवले ते वेगळेच. भरत वडिलांना चेहऱ्यावरून ओळखत नाही. पुतळा समोर उभा असताना तो नावांच्या क्रमाने घाबरतो, आणि देवकुलिकाने दशरथाचे नाव घेतल्यावर कोसळतो. इतक्या मोठ्या नाटककाराला मुलाने वडिलांचा चेहरा पाहून हंबरडा फोडणे सुचले नसेल असे नाही. त्याने ते टाळले. पुतळ्यातला चेहरा हा जवळच्या माणसाला लगेच आपला वाटत नाही, हे त्याला ठाऊक असावे.

फायबरच्या पुतळ्याचा मातीतला नमुना पाहायला आम्हाला बोलावले होते. आईने बराच वेळ पाहिले आणि ती “चांगला आहे,” म्हणाली. परत येताना गाडीत म्हणाली, “कोन होते ते?”

तेव्हा मी माझ्या विद्यार्थ्याकडे गेले. शाळेच्या पुतळ्याला पर्याय म्हणून नव्हे. तो झाला, बसला, त्याला दर वर्षी हार पडतो आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला घरासाठी हवे होते. त्याने सातही फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, मागून कसे होते?”

मला सांगता येईना. कानामागचा भाग, मानेची घळ, डोक्याचा मागचा उतार यांचा फोटो कोणी काढत नाही, आणि वडिलांना आपण मागून पाहिले असले तरी लक्षात ठेवलेले नसते. शिवाय टोपी. शाळेत टोपी, शेतात टोपी, फोटोत टोपी. मग त्याने आईला विचारले. आई ज्या सहजतेने बोलू लागली त्याने मी चकित झाले. “सत्तेचाळीस वर्सं मी त्यायच्या मांगं चालली,” ती म्हणाली, “मांगून ते मलेच ठाऊक.” बाजारात, लग्नाला, पंढरपूरला, सगळीकडे नवरा चार पावले पुढे आणि बायको मागे. या रीतीबद्दल मी कॉलेजात कितीतरी वेळा बोलले आहे, आणि जे बोलले ते खोटे नाही. त्या चार पावलांच्या अंतरावरून ती काय पाहत होती ते मात्र मला त्या दिवशी कळले. उजवा खांदा खाली, डावा कान डोक्याला जास्त चिकटलेला, मानेवर दोन वळ्या आणि मधे तीळ. टाळूला तेल घालायची ती, त्यामुळे टोपीखालचेही तिच्याकडेच होते: मागे उंचवटा, आणि उजवीकडे लहानपणी विहिरीच्या काठावर पडल्याची खोक, बोटाच्या पेराएवढी. त्याने ओल्या मातीचा गोळा पुढे केला. तिने दोन्ही हातांनी तो धरला आणि अंगठ्याने ती खोक नेमकी दाबून दाखवली.

पेरू देशाच्या किनाऱ्यावर मोचे नावाच्या लोकांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी माणसांच्या चेहऱ्यांचे मातीचे कुंभ केले, त्यांचे फोटो मी नंतर पाहिले. तिथे घागरीला खरोखरच चेहरा आहे, आणि तो ठरावीक नाही, एकेका माणसाचा आहे. ख्रिस्तोफर डॉनन या अभ्यासकाने त्यांतला एक माणूस वेगवेगळ्या भांड्यांवरून शोधून काढला, पोरवयापासून तिशी ओलांडेपर्यंत. ओळखीची खूण म्हणजे ओठावरचा व्रण. चेहरा वयाने बदलतो, व्रण तसाच राहतो.

एवढे मिळाले तरी गालांची हाडे आणि कपाळ उरलेच. फोटोतून खोली काढता येत नाही. विद्यार्थ्याने आठवडाभर प्रयत्न केले आणि मग जरा संकोचत म्हणाला, “मॅडम, तुम्ही बसाल का?” मी अण्णांसारखी दिसते हे लहानपणापासून ऐकत आले आहे. मुलीने बापावर जाणे आमच्याकडे नशिबाचे मानतात, त्यामुळे त्याचा त्रास कधी झाला नाही. तरीही शेहेचाळिसाव्या वर्षी स्टुलावर बसून, आपल्या कपाळाचे माप लाकडी चिमट्याने घेतले जात असताना, ते माप दुसऱ्याच्या कपाळासाठी आहे हे ठाऊक असणे, हा अनुभव मला शब्दांत मांडता येत नाही. चार रविवार बसले. तो गप्प असायचा. मधेच माझ्याकडे पाहायचा आणि मातीतून काढून टाकायचा. “हे तुमचे आहे, त्यांचे नाही,” असे एकदा म्हणाला. हनुवटी आईची निघाली.

मातीबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत, कारण आम्ही मातीच्या गोष्टी फार करतो आणि माहिती फार थोडी असते. आमची काळी कसदार जमीन, जिच्यावर कपाशी आणि केळी उभी राहते, ती मूर्तीच्या दृष्टीने वाईट. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यातले शेत ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगायला नको. कुंभार नदी-नाल्याचा गाळ आणतो, त्यात राख आणि लीद मिसळतो. डोक्यासाठी माझा विद्यार्थी त्यात फुटक्या मडक्यांची भुकटीही घालतो. आधीच भाजली गेलेली माती पुन्हा आकसत नाही, त्यामुळे नव्या मातीला आतून आधार मिळतो. तरीही वाळताना आणि भाजताना मिळून ही माती सुमारे दहावा हिस्सा आकसते. नऊ इंचांचे डोके हवे असेल तर ते ओले असताना दहा इंचांचे करावे लागते. आईने ओले डोके पाहिले तेव्हा ती म्हणालीच, “एवढे मोठे नव्हते ते.” त्याने समजावले, “आजी, भाजल्यावर तेवढेच होतील.” तिचा विश्वास बसला नाही.

आता जे सांगते त्याच्याविषयी पुष्कळ दिवस कोणाशी बोलले नव्हते. भरीव डोके भाजता येत नाही. मातीच्या पोटात राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि ते फुटते. म्हणून माती चामड्यासारखी झाली की तारेने टाळू कापून काढायची, आतून कोरायचे, भिंत अंगठ्याएवढी जाड ठेवायची आणि मग टाळू पुन्हा चिकलाने सांधायची. त्याने मला आधी विचारले, तुम्ही थांबणार का. मी थांबले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. अण्णांना नेले तेव्हा मी ओट्यापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. भावाच्या खांद्यावर पाण्याचे मडके होते एवढेच मला दिसले. पुढे त्या मडक्याला भोक पाडतात, चितेभोवती धार धरतात, मडके मागे टाकून फोडतात, कपालक्रिया होते, हे सगळे मला पुस्तकांतून आणि भावाच्या तुटक बोलण्यातून माहीत. विद्यार्थ्याने तार दोन्ही हातांत ताणली आणि कपाळाच्या वर, टोपीची कड जिथे यायची बरोबर तिथून, ओढत नेली. आवाज झाला नाही. टाळू झाकणासारखी उचलून त्याने फडक्यावर उलटी ठेवली. मग आतली माती चमच्याने काढू लागला. मी ती माती हातात घेत गेले आणि बादलीत टाकत गेले. साधारण अर्धी बादली झाली.

कांस्याच्या पुतळ्यात हे दिसत नाही, आणि तिथे एक वेगळीच गंमत आहे. गिरगाव चौपाटीवरचा रघुनाथ कृष्ण फडक्यांचा टिळकांचा पुतळा घ्या, किंवा विनायकराव करमरकरांचा पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी. शिल्पकाराचा हात ज्या मातीवर फिरला ती माती साचा घेताना मोडली जाते. आपण पाहतो तो साच्यातून साच्यात गेलेला धातू. करमरकरांनी अलिबागजवळच्या सासवण्याला आपल्या घरी जी शिल्पे सिमेंटमध्ये केली ती मला म्हणूनच अधिक जवळची वाटतात. तिथली माणसे नुकतीच उठून बसल्यासारखी आहेत. भाजलेल्या मातीत तर पहिला हातच कायम होतो. अण्णांच्या मानेमागे आईच्या अंगठ्याचा ठसा आहे आणि भिंग लावले तर त्यावरच्या रेषा दिसतात.

प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने मातीच्या व्यक्तिशिल्पाचा उगम असा सांगितला आहे: परदेशी निघालेल्या प्रियकराची दिव्याने पडलेली सावली एका मुलीने भिंतीवर रेखून घेतली, तिच्या बापाने त्या रेषेत माती भरली आणि आपल्या इतर भांड्यांबरोबर ते भाजले. बाप अर्थातच कुंभार. ही कथा खरी की खोटी हा मुद्दा नाही. मला त्यातले ‘इतर भांड्यांबरोबर’ आवडते. अण्णांचे डोकेही तसेच भाजले गेले, माठ, बोळकी आणि पणत्यांच्या सोबत. विद्यार्थ्याला विजेच्या भट्टीचा मोह होता. त्याच्या वडिलांनी आव्याचा आग्रह धरला आणि जाळ थेट लागू नये म्हणून एक मोठा, काठ फुटलेला रांजण आणला. डोके त्यात बसवले, वर परात उपडी घातली, भोवती गोवऱ्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्या.

रांजणात बसवलेले ते डोके पाहताना मला इनामगाव आठवले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी, तीन हजार वर्षांपूर्वीचे गाव उकरून काढले. त्या लोकांची मेलेली मुले घरातच, जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली सापडली. मोठ्यांना खड्ड्यात पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. पण एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा, माणसाच्या पोटासारखा फुगीर रांजण मिळाला आणि त्यात बसलेला एक माणूस, सुमारे चाळिशीचा, पाय शाबूत असलेला. गावचा प्रमुख असावा असे म्हणतात. तिथेच एका मातीच्या डबीत स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिच्यासोबत एक बैल आणि एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती. इतके दूर जायला नको. आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावकडे, गिरणेच्या काठी बहाळ आणि पलीकडे टेकवाडे येथे १९५०च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा त्याच काळातली कलशांतली दफने निघाली. या लोकांना चेहरे घडवता येत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांची रंगवलेली भांडी पाहावीत. त्यांनी माणसासाठी पोट घडवले आणि माणूस त्यात परत ठेवला.

चेहऱ्याची हौस आपल्याकडे पुढे आली. तेरच्या संग्रहालयातल्या सातवाहनकालीन पांढऱ्या मातीच्या मूर्ती पाहिल्या की तिथले केशकलाप आणि हसू विसरता येत नाही. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ आहेत. तरी त्या कोणाच्या म्हणून ओळखू याव्यात अशा नाहीत. आजच्या काळातले मातीतले चेहरे म्हणावेत तर हिंमत शाह यांचे. लोथलचा हा शिल्पकार २०२५ साली गेला. त्यांच्या डोक्यांना डोळे-ओठ असले तरी जेमतेम, पृष्ठभाग उकरलेला, ओरखडलेला. माझ्या विद्यार्थ्याचे ते दैवत आहे. अण्णांच्या डोक्यालाही त्याला तसेच करायचे होते, हे त्याने नंतर कबूल केले. आईसमोर धीर झाला नाही.

आव्यातून काढायला दोन दिवस लागले. परात उचलली तेव्हा विद्यार्थ्याच्या वडिलांनी आधी हात घातला, बोटाच्या मागच्या बाजूने टिचकी मारली आणि कान लावला. नाद खणखणीत होता. डोके लाल निघाले होते, आमच्या घागरींसारखे, आणि डाव्या गालापासून कानापर्यंत काळा पट्टा. तिकडे हवा पोहोचली नव्हती. विद्यार्थी खट्टू झाला. पुन्हा भाजता येईल, पट्टा जाईल, असे म्हणू लागला. आईने डोके मांडीवर घेतले, आधी मागची बाजू पाहिली, खोक चाचपली, कान पाहिला आणि मग फिरवून तोंड पाहिले. “टोपी नाही घातली ते बरं केलं,” एवढेच म्हणाली. पट्ट्याबद्दल काही बोलली नाही. तो तसाच आहे.

ते आता मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारच्या फळीवर आहे. देवघरात ठेवू का असे भावाने विचारले होते, आईने नको म्हटले. हार घालायचा नाही, कुंकू लावायचे नाही, हेही तिनेच ठरवले. आखाजीला घागर नेहमीप्रमाणे उंबरठ्याजवळ भरली जाते आणि तिचा या डोक्याशी काही संबंध जोडला जात नाही. एकदा माझ्या मुलीने दोन्ही जवळजवळ मांडले तेव्हा आजीने घागर उचलून पूर्वीच्या जागी नेली. फळीवर ते भिंतीकडे तोंड करून असते. आले-गेले लोक चमकतात, कोणी सरळ करूनही ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते परत भिंतीकडे वळलेले असते. मी विचारलेले नाही.

विद्यार्थ्याने गेल्या हिवाळ्यात आईचे डोके करायची परवानगी मागितली. ती दोन महिने नाही म्हणत होती. मग एका रविवारी तो गाळाची पाटी घेऊनच आला, तेव्हा ती पदर सारखा करून ओट्यावर बसली. समोरून नको, मागून कर, म्हणाली. वीस मिनिटे बसली असेल. मग चुलीवर दूध आहे असे सांगून उठली ती परत आली नाही, आणि त्याला चहा मीच करून दिला.